चौथा फर्मा

७ फेब्रुवारी

दूध शेगडीवर होतं आणि मी फडकं पिळत होते. तुझ्या बाबांना कोमट पाण्याने पुसून झालं होतं, उशीचा अभ्रा बदलला होता, बादली मोरीत ओतायची राहिली होती. दूध वर यायला लागलं तसा मी हात पुढे केला, आणि तू स्टुलावरून ओरडलीस, "आई, हलू नकोस! तशीच थांब!" मी थांबले. दूध उतू गेलं. शेगडी, ओटा, खालची फरशी, सगळीकडे. आतून बाबांनी विचारलं, "कसला जळका वास येतोय गं?" ते तुला मास्तर म्हणायचे, म्हणून मी म्हटलं, "तुमच्या मास्तरांचा अभ्यास चाललाय." ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. तू मात्र चित्रातून मान वर केली नाहीस. त्या पानावर पातेलं आहे आणि माझा अर्धवट पुढे आलेला हात आहे. दूध नाहीच. मी म्हटलं, जे सांडलं तेवढंच राहिलं होय? तर म्हणालीस, "तू थांबलीस, दूध कुठे थांबलं?"

पोरी, ही सकाळ का आठवली ते सांगते. काल बाइंडरीत तुझ्या खोलीतल्या चष्मेवालीचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस. नंबर मीच तिला देऊन ठेवला होता. तू माझा फोन जुलैपासून उचलत नाहीस, मग मी काय करायचं? ती म्हणाली, "काकू, तिची वही कोरी आहे. पहिल्या पानावर तारीख घातलीय, पुढे काही नाही. रोज सकाळी वही उघडते, पेन्सिलीला टोक करते आणि मिटून ठेवते. म्हणते, काय काढू तेच सुचत नाही." अठ्ठावीस मार्चला शहाण्णव पानं भरून द्यायची आहेत आणि या खेपेलाही जमलं नाही तर कॉलेजातून नाव कमी होतं, हे तिनेच सांगितलं.

फडक्याची बारा चित्रं काढलेली मुलगी तू. दोरीवरचं ओलं फडकं, वाळलेलं फडकं, खिडकी पुसतानाचं फडकं. बाबा म्हणायचे, आपल्या घरात फडक्याचा जेवढा मान आहे तेवढा माझा नाही. आणि तुला सुचत नाही?

म्हणून मी तुला काही विषय लिहून पाठवते. मला यातलं कळत नाही, पण डोळे आहेत. आपल्या जिन्यातल्या सायकलीला आता एकच चाक आहे. समोरच्या शिंप्याने दुकानातला आरसा बदलला, जुना आरसा फुटपाथवर टेकवून ठेवलाय आणि जाणारा येणारा प्रत्येकजण त्यात स्वतःकडे बघतो. केस नीट करतो आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघतो. ते काढ. पाणी येण्याआधी नळ खाकरतो, तेव्हा खाली लावलेल्या बादल्या काढ. तुझ्या खोलीत चार मुली राहता, त्यांच्या चपला काढ. चपलांवरून माणूस कळतं असं तूच म्हणायचीस.

सोबत सहा फर्मे पाठवते आहे. पूर्वीसारखेच आहेत, चार ताव एकात एक घालून मधे दुमडलेले, म्हणजे फर्म्याची सोळा पानं. कापायला आता बाबा नाहीत, मशीनवर नवा माणूस आहे, त्यामुळे कडा जरा बाहेर आल्या असतील. आपण दुकानातली वही कधी आणली नाही, आताही आणू नकोस. एक फर्मा खिशात ठेव, भरला की डब्यात टाक, दुसरा घे. सहा झाले की पाठव. मी शिवून देते.

गेल्या वर्षीचं मनात धरू नकोस. कागदच तो. बसमध्ये राहतो, कुठे पडतो. होतं असं.

तुझी आई


१५ फेब्रुवारी

उत्तर आलं नाही. येईल म्हणून लिहिलंही नव्हतं.

या आठवड्यात बाइंडरीत एका जाड कादंबरीचं काम आलंय. तुला माझी खोड माहीत आहे, घड्या घालताना वाचायची. शाळा चौथीत सुटली आणि पुढचं सगळं शिक्षण या टेबलाशी झालं, तेही माझ्यापुढे जो फर्मा येईल तिथून. कितीतरी गोष्टी मी मधूनच वाचल्यात. लग्न आधी आणि मुलगी बघणं नंतर, असं. या कादंबरीत सध्या एक म्हातारा मेला आहे आणि उद्या तो दिवाणखान्यात बसून पेपर वाचेल, कारण पहिला फर्मा अजून छापखान्यातून यायचा आहे. मला त्याची सवय आहे.

तुझ्यासाठी विषय शोधायचे म्हणून मी दिवसभर बघत असते. परवा वाटलं, नुसतं लिहून काय, काढून दाखवावं. जेवणाच्या सुट्टीत रद्दीच्या कागदावर कात्री काढली. माझ्या शेजारी बसते ती धाकटी, जिला तू "बडबडी" म्हणायचीस, ती मागून डोकावली.

"हे काय, बदक?"

"कात्री आहे."

"बाई गं. मग ती पाण्यात का बसलीय?"

"ते टेबल आहे."

ती हसत सगळ्यांना दाखवून आली. मालकांनीही पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिवणच घाला." मी पण हसले. पण खरं सांगू, त्या चार रेघा मी तीनदा खोडल्या होत्या. समोर वस्तू आहे, डोळ्यांना दिसते आहे, आणि कागदावर ती येत नाही. तुझं असंच होत असेल का? की तुझं वेगळं आहे? तुझं वेगळंच असणार.

तरी लिहिते. सरसाच्या भांड्याच्या काठावर वाळलेले थर आहेत, वर्षानुवर्षांचे. बडबडी दोरा दाताने तोडते, तेव्हा तिचा एक डोळा मिटतो. पुठ्ठ्यांच्या ढिगावर मालकांचं मांजर झोपतं आणि वरचा पुठ्ठा काढायचा तर आधी त्याची परवानगी लागते. बाबांच्या मशीनवर नवा माणूस बसतो, त्याने त्यांचं स्टूल बदललं. ते जुनं स्टूल मी घरी आणलंय. ते काढायला सांगत नाही. नुसतं लिहिलं.

चष्मेवाली म्हणाली, फर्मे पोचले, तू ते कपाटावर ठेवलेस. उलगडले नाहीस. पोरी, उलगड तरी. सहाच आठवडे आहेत.

आई


२ मार्च

माझं पंधरा तारखेचं पत्र परत आलं. आधी वाटलं, पत्ता चुकला. मग पाकिटाच्या पाठीवर तुझं अक्षर दिसलं.

"हरवलेल्या सोळा पानांचं लिही. नाहीतर पत्र लिहू नकोस."

आठ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. मी ते पाकीट ओट्यावर ठेवलं, भाजी चिरली, पुन्हा वाचलं. चार दिवस झाले. आज लिहिते.

तुझा चौथा फर्मा हरवला नाही. मी काढला.

तुला हे ठाऊकच आहे. तरी तुला माझ्याकडून ऐकायचं आहे, तर सगळं क्रमाने लिहिते. मागच्या एप्रिलमध्ये तू सहा फर्मे माझ्या हातात दिलेस. घडीच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा तूच मारून ठेवल्या होत्यास, बाबांनी शिकवल्या तशा. पहिल्या फर्म्यावर सगळ्यांत वर, दुसऱ्यावर बोटभर खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. एकावर एक रचले की पाठीवर जिना दिसतो. पायरी गळली की फर्मा गेला, हे ओळखायला वाचताही यायला नको. मी चौथा बाजूला ठेवला आणि पाच फर्मे शिवले. पाठीवर कापड लावलं. जिना कापडाखाली गेला. वही देण्याच्या दिवशी सकाळी तू माझ्या हातातून घेतलीस आणि न उघडता धावलीस, बस चुकेल म्हणून. माझ्या शिवणीवर तुझा एवढा विश्वास.

परीक्षकांनी तुला काय विचारलं ते तू तेव्हा फोनवर सांगितलं होतंस. तिसऱ्या फर्म्यात वडील खुर्चीत बसून मोजे घालतात, पुढच्या पानावर रिकामी खाट, मधलं काय झालं? जे काढायचं होतं तेच तू टाळलंस, असं म्हणाले. नापास केलं. तू रडत होतीस, मीच कुठेतरी टाकला गं आई, बाबांचा फर्मा मीच हरवला. आणि मी म्हटलं, असू दे, होतं असं.

जुलैत तू वहीच्या पाठीचं कापड सोडवलंस. मग फोन केलास. मी म्हटलं, माझ्याकडे पाचच आले होते. तू म्हणालीस, "मग पायरी तुटलेली तुला दिसली नाही, आई? तुला?" मी म्हटलं, शेगडीवर काहीतरी आहे, आणि फोन ठेवला. शेगडीवर काही नव्हतं.

का काढला, तेही लिहिते. माणूस आजारात कसा दिसतो ते घरच्यांनी बघावं. तोंड उघडं, गालफडं बसलेली, अंगावर धड कपडा नाही. तुझे बाबा दाढी केल्याशिवाय दारात जात नसत. त्यांना असं चार परक्या माणसांपुढे टेबलावर पसरायचं, त्यांनी गुण द्यायचे, हे मला सोसलं नाही.

आणि तो फर्मा मी जाळला नाही. मला जाळवेना. तेव्हा एका शाळेच्या चित्रकलेच्या वह्यांचं काम चालू होतं, ऐंशी वह्या. पुठ्ठा पातळ आला की आम्ही कापडाखाली रद्दी कागदाचं अस्तर देतो, तू लहानपणापासून पाहिलंयस. एक ताव उलगडला की एका वहीच्या दोन्ही पुठ्ठ्यांना पुरतो. तुझे चारही ताव मी चार वह्यांना लावले. वर कापड चढवलं आणि त्या वह्या ढिगात मिसळल्या.

मी त्या शोधून आणते. शाळा अर्ध्या तासाच्या रस्त्यावर आहे. वर्ष संपायचं आहे, वह्या अजून मुलांकडेच असतील.

आई


१० मार्च

दोनदा जाऊन आले.

शाळेच्या चित्रकलेच्या बाई भल्या आहेत. मी सांगितलं, आमच्या हातून एक कागद चुकून पुठ्ठ्यात गेलाय. त्या म्हणाल्या, "अहो, पुठ्ठ्यातला कागद आता कसा ओळखणार?" मी म्हटलं, अंगठ्याने. चित्राचा कागद रद्दीहून जाड, तो अस्तराला असला की पुठ्ठा केसभर जाड लागतो. त्यांनी कपाट उघडलं. बावन्न वह्या होत्या, बाकीच्या घरी, आजारी, हरवलेल्या, दोन म्हणे कुत्र्याने खाल्ल्या. मी जमिनीवर बसून एकेक वही चिमटीत धरून पाहिली. बावन्नात एक सापडली.

जिची वही, ती मुलगी वर्गातून बोलावली. दोन वेण्या, एक सुटलेली.

"ही माझी आहे," ती आधीच म्हणाली.

"तुझीच राहील. मला फक्त पुठ्ठा हवाय."

"का?"

"आत एक कागद चिकटलाय. त्यावर आमच्या घरातल्या माणसाचं चित्र आहे."

"तुमच्या घरातला माणूस माझ्या वहीत कशाला गेला?"

बाई हसल्या. मी म्हटलं, "चुकून गेला." तिच्याशीही खोटंच बोलले.

तिने वही छातीशी धरली होती. पुठ्ठा काढला तर माझी मांजर फाटेल, म्हणाली. मी तिला वही उघडून शिवण दाखवली, पानं पुठ्ठ्यापासून कशी वेगळी राहतात ते सांगितलं. मग तिने मला मांजर दाखवली. पानापानावर मांजर, आणि प्रत्येक पानावर पाठमोरी. मी विचारलं, तोंड का नाही गं? "समोरून ती थांबत नाही. शेपटीकडून थांबते." तुझ्या वहीसाठी लिहून ठेवलं होतं मी हे, की मुलीला विषय शोधावा लागला नाही, जे थांबलं ते तिने काढलं. आता कशाला लिहिते कुणास ठाऊक.

मी पिशवीतून नेलेला नवा पुठ्ठा तिथेच चढवला, लाल कापडाचा. तिला तो जुन्यापेक्षा आवडला. जुना घेऊन मी घरी आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आणखी अकरा वह्या आल्या होत्या. त्यांत काही नव्हतं. उरलेल्या येतील त्या बाई बाजूला ठेवणार आहेत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्या कंटाळल्या.

आता पुठ्ठ्याचं. परातीत कोमट पाणी घेतलं, त्यात भिजत ठेवला. कापड सुटलं. खाली तुझा कागद दिसला, पाठीकडून पेन्सिलीच्या दाबाच्या रेघा हाताला लागत होत्या. सुरीचं पातं सपाट धरून काठाकडून सोडवायला लागले. सुटेना. पुन्हा भिजवलं. कागद पुठ्ठ्यासकट लगदा होऊन यायला लागला. तीन तास बसले होते. हातात आली ती चार बोटं रुंद पट्टी. उशीची कड, बाबांचा कान आणि खिडकीच्या गजाचा तुकडा. बाकी सगळं परातीत गेलं.

पोरी, खळ असती तर कागद अलगद सुटून आला असता. खळ पाण्यात विरघळते. आपण अस्तराला नेहमी खळच वापरतो. त्या दिवशी टेबलावर खळीचं भांडं माझ्या उजव्या हाताशी होतं. पांढरा गोंद, जो एकदा धरला की सोडत नाही, तो पलीकडे फळीवर होता. मी उठून गेले आणि गोंद आणला.

हे लिहायचं नव्हतं. पण तू मागच्या पत्रावरून समजशील की मी ते जपून ठेवायला पुठ्ठ्यात घातले. तसं समजू नकोस.

आई


१७ मार्च

अकरा दिवस राहिले. चष्मेवालीला विचारलं, ती म्हणाली पहिल्या पानावरची तारीख तू खोडलीस.

मी तुला पूर्ण सांगितलं नव्हतं. उघडं तोंड आणि बसलेली गालफडं, ते कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण तेवढ्यावर मी फर्मा काढला नसता. सोळा पानांतली तेरा पानं बघून मला रडू आलं होतं आणि तुझा अभिमान वाटला होता. तीन पानांवर त्यांचे हात होते.

नाकातली नळी ते उपसून काढायचे. दोनदा काढली, रक्त आलं. एक दिवसाआड येणारी नर्स म्हणाली, "बांधा हो, सगळेच बांधतात." वह्यांच्या पाठीला आम्ही लावतो ती सुती पट्टी मी आणली आणि त्यांचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना बांधले. शिवणीच्या गाठी, सुटायच्या नाहीत अशा. ते बोटं हलवून दाखवायचे. "सोड गं," म्हणायचे. आधी मोठ्याने म्हणायचे, मग हळू, मग नुसते ओठ. मी म्हणायचे, थोडा वेळ हं, आणि कामाला लागायचे. नऊ दिवस.

शेवटच्या दुपारी मी धुणं वाळत घालत होते. आत आले तर ते गेलेले होते आणि तू स्टुलावर बसून काढत होतीस. मी आधी हात सोडले. मनगटाला वळ होते, ते चोळले, बाह्या खाली ओढल्या. मग डॉक्टरांना फोन केला. मग तुझ्या काकांना. काकांना सांगितलं, शांतपणे गेले. नणंदेला सांगितलं, माझा हात हातात होता. आजवर सगळ्यांना तेच सांगितलं आहे आणि लोक म्हणतात, सेवा करावी तर अशी.

एप्रिलमध्ये फर्मा उघडला आणि सोळाव्या पानावर गाठ दिसली. सुटायच्या आधीची. तारीख घातलेली. कुणीही बाइंडर बघून सांगेल ही कुणाच्या हातची गाठ आहे. एक पान काढलं तर त्याचं जोडपान सुटतं, तू जाणतेस. ते सुटलं की पुढचं सैल होतं. तीन पानांपायी तेरा गेली.

पानं परत देता येत नाहीत. पण ती नीट बघितलेलं तुझ्याखेरीज माणूस मीच आहे. मला काढता येत नाही, सांगता येतं. तू हे वाचून काढ.

पहिल्या पानावर खाट दारातून दिसते, दाराची चौकट जाड आहे आणि खाट लहान. दुसऱ्यावर औषधांच्या बाटल्या, त्यातली एक आडवी. तिसऱ्यावर त्यांचा पाय पांघरुणाबाहेर आलाय, अंगठ्याचं नख तू फार वेळ काढलंस, तिथे कागद चमकतो. पाचव्यावर मी आहे, पाठमोरी, खिडकीत फर्मा धरून वाचते आहे. मला तेव्हा वाटलं होतं, वाचताना काढलंस म्हणजे टोमणा मारलास. तसं असेल तर तसंच काढ. सहाव्यावर नळी आणि तिची सावली. आठव्यावर काहीच नाही, मधोमध एक आडवी रेघ आहे, ती मला कळली नाही. दहाव्यावर उजवा हात, पट्टीचे दोन वेढे, गाठ आतल्या अंगाला. बोटं उघडी. अकराव्यावर डावा, तो मिटलेला. बारा, तेरा, चौदा झोपलेले. पंधराव्यावर ते तुझ्याकडे बघतात, मास्तरांकडे बघावं तसे. सोळावं मी वर लिहिलं.

चौथं, सातवं आणि नववं आठवत नाही. खूप प्रयत्न केला.

आणि हात काढ. कुणालाही दाखव.

आई


३ एप्रिल

एकतीस तारखेला चष्मेवालीशी बोलले. तू वही दिलीस, असं ती म्हणाली, आणि मला क्षणभर काय वाटलं ते सांगता येत नाही. मग म्हणाली, "काकू, कोरी दिली. वर नाव घातलं आणि ठेवून आली."

मी विचारलं, "माझी पत्रं?"

"वाचली. सतरा तारखेचं दोनदा. एक अख्खा दिवस ते समोर ठेवून बसली होती, पेन्सिल घेऊन."

"मग?"

ती म्हणाली, राहू द्या ना काकू. मी म्हटलं, सांग गं, मला आता कशाचं काही वाटत नाही.

"म्हणाली, आईने सगळं बरोबर लिहिलंय. पण हे आईने बघितलेलं आहे. मी काय बघत होते ते माझ्या लक्षात नाही, ते कागदावर होतं."

नंतर ती काहीतरी जेवणाखाण्याचं बोलत होती, की तू जेवतेस, मी काळजी करू नये. मी हो हो म्हणत होते. बडबडी समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पुढ्यातला ढीग ओढून स्वतःकडे घेतला आणि माझ्या वाटच्या घड्या घालायला लागली.

मी तुला विषय पाठवत होते. सायकल, बादल्या, चपला, मांजर. आता ते सगळं आठवलं की लाज वाटते. बघायचं कसं ते तुझं होतं, ते मी गोंद लावून चिकटवलं, आणि वर तुला सांगत बसले की हे बघ, ते बघ. रागावलीस असं कळलं असतं तर बरं वाटलं असतं. तू रागावून पत्र परत पाठवलंस तेव्हा निदान मला करायला काही होतं.

शाळेच्या बाईंनी निरोप धाडला की आणखी वह्या येणार नाहीत.

चष्मेवालीने शेवटी एक सांगितलं. मागच्या वर्षीच्या वहीला काही नुकसान झालं असेल तर फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो, मुदत पाच एप्रिलपर्यंत. तू करणार नाहीस, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळच्या बसने तुझ्या कॉलेजात गेले. कार्यालयात रांग होती. कारकून म्हणाला, विद्यार्थ्याने स्वतः यावं लागतं. मी म्हटलं, ती येणार नाही. "मग हा अर्ज कुणाचा?" "माझा. नुकसान मी केलं." तो म्हणाला, असा अर्ज चालत नाही, पण आवक करून घेतो, पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही. मी फॉर्म भिंतीला धरून भरला. कारणाच्या रकान्यात चार ओळींची जागा होती. माझं अक्षर मोठं आहे, ते बाहेर गेलं. त्याने मोठ्याने वाचून बघितलं, त्याला तशी सवय असावी: "माझ्या मुलीच्या वहीतली सोळा पानं मी काढून नष्ट केली, कारण त्यांत तिच्या वडिलांचे हात मी खाटेला बांधलेले दिसत होते. ते गेले तेव्हाही हात बांधलेलेच होते. पानं तिने काढली होती. ती हरवली असं मी तिला खोटं सांगितलं." माझ्या मागे रांगेत चौघं होती, त्यांनी ऐकलं. पुरावा म्हणून मी कानाची पट्टी दिली. त्याने ती अर्जाला टाचली, शिक्का मारला, क्रमांक लिहून दिला. तुझी खोली तिथून दहा मिनिटांवर आहे. तू बोलावलं नव्हतंस, म्हणून मी आले नाही. साडेबाराची बस मिळाली. घरी येऊन चहा केला आणि परात घासून ठेवली.